विटा परिसरातील गलाई कुटुंबांचे स्थलांतर व वंशावळ

विटा परिसरातील गलाई कुटुंबांचे स्थलांतर म्हणजे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून, तसेच लगतच्या माणदेशातून सोने-चांदी शुद्धीकरणाच्या व्यवसायासाठी भारताच्या विविध राज्यांत झालेले स्थलांतर होय. जुने दागिने, मिश्र धातूचे तुकडे आणि सराफी दुकानांतील धातुयुक्त कचरा वितळवून त्यातून शुद्ध सोने व चांदी वेगळी काढण्याच्या कामाला 'गलाई' म्हणतात. हे काम करणाऱ्यांना 'गलाईवाले' किंवा 'गलाई बांधव' असे संबोधले जाते. खानापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले विटा हे या व्यावसायिकांचे मूळ केंद्र समजले जाते. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, पश्चिम बंगाल, दिल्ली, पंजाब अशा अनेक राज्यांतील सराफ बाजारांत ही कुटुंबे स्थायिक झाली आहेत.

हे स्थलांतर एकेकट्या व्यक्तींचे नव्हते. नाते, भावकी आणि गाव यांच्या साखळीने ते पुढे सरकत गेले. त्यामुळे अशा कुटुंबाची वंशावळ शोधताना ते कुटुंब आज राहत असलेल्या शहरातील कागदपत्रे पुरेशी ठरत नाहीत. मूळ गाव, वाटेतील मुक्कामाची शहरे आणि तीर्थक्षेत्रे अशा अनेक ठिकाणी नोंदी विखुरलेल्या असतात. कुटुंब कोणत्या मार्गाने गेले हे ठरवल्याशिवाय त्याच्या पिढ्या जुळवणे अवघड जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

विटा हे शहर सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ४८ हजार होती. तालुक्याच्या पश्चिम भागातून येरळा नदी वाहते आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. अग्रणी नदी खानापूरच्या पठारावर उगम पावते. ईशान्येकडे आटपाडीच्या बाजूला माणगंगेचे खोरे लागते व तिचे पाणी भीमेला जाते. अशा प्रकारे हे पठार कृष्णा आणि भीमा या दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा आहे. येथील नद्या हंगामी असून पाऊस कमी व अनियमित पडतो. ज्वारी, बाजरी आणि कडधान्ये ही कोरडवाहू पिके आणि शेळी-मेंढीपालन हा बराच काळ येथील उपजीविकेचा आधार होता.

१८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांचा दख्खनच्या पठारावर मोठा आघात झाला. १९७२ च्या दुष्काळात पुन्हा हजारो कुटुंबांना रोजगार हमीसारख्या कामांवर जगावे लागले. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी याच माणदेशी परिसरावर आधारलेली असून दुष्काळामुळे गाव उठून जाण्याचा अनुभव तिच्यात आला आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी या भागात येईपर्यंत बाहेरगावचे उत्पन्न हा अनेक घरांचा मुख्य आधार राहिला.

दुष्काळ हे स्थलांतराचे कारण असले, तरी स्थलांतराची दिशा दुष्काळाने ठरत नाही. कोणत्या गावचे लोक कोणत्या शहरात गेले, हे उपलब्ध रस्ते, त्यांवरील व्यवहार आणि आधी गेलेले नातेवाईक यांवरून ठरले.

जुने व्यापारी मार्ग

घाटमार्ग व विजापूरची वाट

बहमनी आणि आदिलशाही काळात कोकणातील दाभोळ हे महत्त्वाचे बंदर होते. तेथे उतरलेला माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला येई व पुढे पूर्वेकडे देशावर जाई. आजचा गुहागर–चिपळूण–कऱ्हाड–विटा–जत–विजापूर हा रस्ता साधारणपणे हीच दिशा धरतो. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ व तांदूळ वर येत आणि देशावरून धान्य, गूळ, मिरची, कापूस व तेल खाली जाई. चाकांच्या गाड्या चालू शकतील असे घाटरस्ते होण्यापूर्वी ही वाहतूक प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून होत असे. लमाण व वंजारी यांचे तांडे या कामात अग्रेसर होते.

सातारा–मिरज मार्ग

दुसरा मार्ग उत्तर-दक्षिण होता. १७०८ मध्ये शाहू महाराजांच्या राज्यारोहणानंतर सातारा हे मराठा सत्तेचे अधिष्ठान बनले. साताऱ्याहून तासगाव, मिरज आणि पुढे कर्नाटकाकडे सैन्य, हुंड्या, सावकार व कारकून यांची ये-जा चालू राहिली. या राजकीय मार्गांवरून गेलेल्या कुटुंबांच्या वंशावळी तुलनेने चांगल्या टिकल्या, कारण त्यांच्याकडे सनदा, वतनपत्रे आणि इनामांचे कागद होते. तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास तर १८०३ मध्ये तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरला गेला. सामान्य शेतकरी किंवा कारागीर कुटुंबांना असा आधार नसतो.

पशुपालकांच्या वाटा व यात्रा

माणदेशातील धनगर मेंढपाळ पावसाच्या मानाने दरवर्षी चाऱ्याच्या शोधात कळप घेऊन फिरत. या हंगामी वाटांवर ठरलेल्या गावांशी, शेतकऱ्यांशी व बाजारांशी त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध असत. आटपाडी तालुक्यातील खरसुंडी येथील सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा खिल्लार जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा यात्रांत जनावरांच्या खरेदी-विक्रीबरोबर सोयरिकीही जुळत. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचे विवाहसंबंध कोणत्या पट्ट्यात पसरले आहेत हे पाहिले असता त्या कुटुंबाच्या बाजारहाटाची वाट बहुधा लक्षात येते.

रेल्वे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेची पुणे–मिरज वाहिनी सुरू झाली. मिरजेहून लोंढा, हुबळीमार्गे बंगळूर व पुढे मद्रासच्या बाजूला जाणे त्यामुळे शक्य झाले. विटा या लोहमार्गावर नाही. पूर्वी प्रवाशांना बैलगाडीने किंवा पायी आणि नंतर मोटारीने कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी यांसारख्या स्थानकांपर्यंत जावे लागे. परंतु एकदा गाडीत बसल्यावर दक्षिणेतील मोठी बाजारपेठ दोन-तीन दिवसांच्या अंतरावर आली. पूर्वी बैलांच्या तांड्यांनी आखलेला व्यवहाराचा परीघ रेल्वेने एकदम विस्तारला.

गलाई व्यवसायाचे स्वरूप

गलाईचे काम दिसायला साधे असले तरी त्यात हिशेब आणि हातोटी लागते. सराफाकडे मोडीत आलेल्या दागिन्यांत सोन्याबरोबर चांदी, तांबे व डाखाचे धातू असतात. हे दागिने मुशीत घालून भट्टीत वितळवतात. शुद्धीकरणासाठी सोन्याच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट चांदी त्यात मिसळतात, कारण सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही. या मिश्रणाचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करून ते नायट्रिक आम्लात तापवले जातात. चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी राहते. ही भुकटी धुऊन, वाळवून, सवागीबरोबर पुन्हा वितळवली की शुद्ध सोन्याची लगड मिळते. आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवली जाते. या प्रक्रियेत निघणारा तपकिरी धूर श्वसनास घातक असतो. अपुऱ्या वायुवीजनाच्या छोट्या खोल्यांत वर्षानुवर्षे काम केल्याने आरोग्यावर दुष्परिणाम होतात.

सोनारांच्या दुकानातील केर व राख धुऊन त्यातील धातुकण मिळवण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वीपासून झारेकरी करीत आले आहेत. गलाई हा त्याच्याशी जवळीक असलेला, पण वेगळा व्यवसाय आहे. तो पारंपरिक सोनार समाजापुरता मर्यादित राहिला नाही. विटा परिसरात मराठा व इतर शेतकरी समाजांतील तरुणांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. जमिनीच्या तुकड्यावर भागत नसलेल्या घराला थोड्या भांडवलात सुरू करता येईल असा हा धंदा होता.

या व्यवसायाच्या तीन वैशिष्ट्यांनी स्थलांतराचे स्वरूप घडवले. पहिले म्हणजे दुकान सराफ बाजाराजवळच असावे लागते. त्यामुळे गलाईवाले प्रत्येक शहरात ठरावीक गल्ल्यांत एकवटलेले आढळतात. दुसरे म्हणजे एका बाजाराला मोजकीच दुकाने पुरतात. त्यामुळे काम शिकलेल्या धाकट्या भावाला किंवा भाच्याला पुढच्या शहरात जाऊन स्वतंत्र दुकान घालावे लागे. तिसरे म्हणजे हातातील सोने दुसऱ्याचे असते. एखाद्या ग्रॅमची तफावतही दुकानाची पत घालवू शकते. म्हणून कामाला ओळखीचा, आणि शक्यतो नात्यातला किंवा गावचाच मुलगा ठेवण्याची प्रथा पडली.

साखळी स्थलांतर

गावातून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एखाद्या चुलत्याच्या, मामाच्या किंवा मेहुण्याच्या दुकानात कामाला जाई. भट्टी पेटवणे, मुशी साफ करणे, स्वयंपाक करणे यांपासून सुरुवात होऊन काही वर्षांत तो कस ओळखण्यास व शुद्धीकरण करण्यास शिके. त्यानंतर तो भागीदार होई किंवा दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान काढी आणि गावाकडून आणखी एखाद्या मुलाला बोलावून घेई. कोईम्बतूर किंवा त्रिशूरसारख्या दागिने घडवण्याच्या मोठ्या केंद्रांभोवती लहान गावांच्या बाजारांपर्यंत ही साखळी पोहोचली.

अशा साखळीत भावकीची नाती जितकी महत्त्वाची असतात, तितकीच सासर-माहेरची नातीही असतात. मामाकडे किंवा बहिणीच्या नवऱ्याकडे गेलेला तरुण स्वतःच्या भावकीपेक्षा वेगळ्याच राज्यात स्थिरावतो. केवळ पुरुषवंशाची यादी हाताशी असेल, तर हा तरुण त्या शहरात का पोहोचला याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही.

मुंबईकडे झालेल्या स्थलांतराशी याची तुलना करता येते. सातारा-सांगलीतून मुंबईच्या कापडगिरण्यांत व गोदीत गेलेले कामगार एका शहरात एकवटले आणि गावाशी त्यांचे जाणे-येणे सुलभ राहिले. गलाई कुटुंबे मात्र शेकडो शहरांत थोड्या-थोड्या संख्येने विखुरली आणि भिन्न भाषांच्या प्रदेशात राहिली. त्यामुळे त्यांच्या नोंदी एका ठिकाणी सापडत नाहीत.

मूळ गावाशी संबंध

बहुतेक कुटुंबांनी गावाकडील जमीन व घर पूर्णपणे सोडले नाही. एक भाऊ गावी शेती पाहतो व इतर भाऊ बाहेर दुकाने चालवतात, अशी विभागणी सर्वत्र आढळे. यामागे भावनेबरोबर व्यवहारही होता. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ आणि त्यातील तरतुदींनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरल्यानंतर, कुळाकडे असलेल्या जमिनीवर दूर राहणाऱ्या मालकाचा हक्क संपण्याची शक्यता निर्माण झाली. जमीन घरातील माणसाच्या वहिवाटीत ठेवणे त्यामुळे आवश्यक झाले.

ग्रामदैवताची यात्रा, लग्ने आणि कुळाचार यांसाठी परगावचे लोक गावी येतात. रेणावीचा रेवणसिद्ध, खरसुंडी व म्हसवडचा सिद्धनाथ, शिखर शिंगणापूरचा महादेव, पालीचा खंडोबा, जोतिबा ही या भागातील कुटुंबांची प्रमुख श्रद्धास्थाने आहेत. परराज्यात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला आडनावाचा इतिहास माहीत नसला तरी कुलदैवत बहुधा माहीत असते. वंशावळीच्या शोधात हा एक भक्कम दुवा ठरतो.

वंशावळीची साधने

मौखिक व परंपरागत नोंदी

दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात हेळवी हा समाज कुटुंबांच्या वंशावळी जतन करण्याचे काम परंपरेने करीत आला आहे. 'हेळव' या कन्नड शब्दाचा अर्थ लंगडा असा असून, समाजाचा मूळ पुरुष अधू असल्याने बैलावर बसून फिरत असे अशी आख्यायिका सांगितली जाते. हेळवी ठरावीक वर्षांच्या अंतराने यजमान कुटुंबांच्या दारी येतात. ते कुळाचे मूळ गाव, तेथून निघण्याचे कारण, शाखा व पिढ्या यांचे कथन करतात आणि नवीन जन्मांची नावे आपल्या पोथीत किंवा वहीत लिहून घेतात. बदल्यात त्यांना धान्य, वस्त्र किंवा पैसे दिले जातात. त्यांच्या नोंदींचे विशेष महत्त्व असे की त्यांत केवळ नावे नसतात. कुटुंब कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले याचा क्रमही त्यांत असतो.

तीर्थक्षेत्रांतील पुरोहितांच्या वह्या हे दुसरे साधन होय. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे यात्रेकरूंची नावे गाव व आडनावानुसार नोंदवली जातात. आलेल्या व्यक्तीचे वडील, आजोबा, भाऊ व मुले यांची नावे आणि काही वेळा स्वाक्षरी अशा नोंदीत मिळते. परराज्यात स्थायिक झालेली व्यक्ती अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी गेली असता मूळ गावाच्या वहीतच तिची नोंद होते. त्यामुळे गाव आणि नवे वास्तव्य यांची सांगड एकाच पानावर मिळू शकते.

महसुली व शासकीय कागदपत्रे

गावपातळीवरील महसुली दप्तर हे सामान्य कुटुंबांसाठी सर्वांत उपयुक्त साधन आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. सातबारा उतारा चालू स्थिती दाखवतो. वंशावळीच्या दृष्टीने त्याहून मोलाचे असतात ते फेरफार. खातेदार मयत झाल्यावर वारसांची नावे, त्यांचे नाते आणि काही वेळा त्यांचा परगावचा पत्ता वारस फेरफारात येतो. एकापाठोपाठ एक फेरफार मागे वाचत गेल्यास अनेक कुटुंबांच्या तीन ते पाच पिढ्या निश्चित करता येतात.

गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, 'कोतवाल बुक' या नावाने ओळखली जाते. तीत पुष्कळदा जातीचाही उल्लेख असतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असून १९७० पासून तो बहुतेक राज्यांत लागू झाला. त्यापूर्वीच्या काळासाठी कोतवाल बुक व प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर यांना पर्याय कमी आहेत. एखादा मुलगा गावच्या शाळेतून चौथीत किंवा सातवीत नाव कमी करून गेला असेल, तर शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हीच त्या कुटुंबाच्या स्थलांतराची पहिली लेखी नोंद ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जाण्यासाठी पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तर व सातारा छत्रपतींच्या काळातील कागद पाहावे लागतात. हे कागद मोडी लिपीत असल्याने मोडी वाचता येणे किंवा जाणकाराची मदत घेणे आवश्यक असते. पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनदार घराण्यांची माहिती त्यांत अधिक व सामान्य रयतेची कमी मिळते.

प्रशासकीय बदलांमुळे होणारी अडचण

विटा परिसरातील कागदपत्रे शोधताना हद्दींचा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. सातारा संस्थान १८४८ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले आणि त्यानंतर खानापूर हा ब्रिटिश सातारा जिल्ह्याचा तालुका होता. शेजारचे आटपाडी औंध संस्थानात, तर जत हे स्वतंत्र संस्थान होते. ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. पुढे खानापूर तालुक्यातून कडेगाव तालुका वेगळा झाला. म्हणून एकाच कुटुंबाच्या आजोबांच्या दाखल्यावर 'जिल्हा सातारा', वडिलांच्या दाखल्यावर 'दक्षिण सातारा' आणि मुलाच्या दाखल्यावर 'सांगली' असे आढळू शकते. तेवढ्यावरून कुटुंब हलले असे अनुमान काढणे चुकीचे ठरते.

व्यवसायाशी संबंधित कागदपत्रे

दुकानाचे भाडेकरार, भागीदारीपत्रे, व्यवसाय परवाने आणि जमाखर्चाच्या वह्या यांतून कुटुंब एखाद्या शहरात केव्हा स्थिरावले हे कळते. १० जानेवारी १९६३ पासून सुवर्ण नियंत्रण आदेश लागू होऊन चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याचे व्यवहार परवान्याच्या कक्षेत आणले. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत व्यवसायाची अनेक घडी बदलली. म्हणून कुटुंबाच्या हकिकतीतील शहरबदल, धंद्यातील खंड किंवा गावी परतण्याची वर्षे या कालखंडाशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते.

नावांचा प्रश्न

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम रूढ आहे. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी लावण्याची व आडनाव न वापरण्याची पद्धत आहे. तेथील शाळेत दाखल झालेल्या मराठी मुलाचे आडनाव कागदावरून नाहीसे होऊ शकते किंवा आद्याक्षरात लपू शकते. तमिळ लिपीत क-ग, त-द, प-ब यांसाठी स्वतंत्र अक्षरे नसल्याने आडनावाचे स्पेलिंगही बदलते. हीच व्यक्ती गावच्या फेरफारात पूर्ण नावाने असल्यास दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे सिद्ध करणे जिकिरीचे होते.

याउलट पवार, जाधव, शिंदे, मोहिते, चव्हाण, साळुंखे यांसारखी आडनावे इतकी सर्वत्र आहेत की समान आडनाव हा नात्याचा पुरावा होत नाही. म्हणून आडनावाबरोबर मूळ गाव, वाडी, भावकी, कुलदैवत आणि देवक या गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. विवाहात समान देवक टाळण्याच्या प्रथेमुळे देवकाची माहिती बऱ्याच कुटुंबांनी जपलेली असते.

संशोधनाची पद्धत

अशा कुटुंबाची वंशावळ तयार करताना शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे आणि परगावाकडून मूळ गावाकडे नेला जातो. उदाहरणार्थ, कोईम्बतूरमध्ये जन्मलेल्या तिसऱ्या पिढीतील एका व्यक्तीला आपले मूळ शोधायचे आहे असे मानू. तिच्याकडे स्वतःचा जन्मदाखला व वडिलांचा तमिळनाडूतील शाळेचा दाखला आहे. वडिलांच्या दाखल्यावर आडनाव नाही. आजोबा 'विट्याकडचे' होते एवढेच घरात ठाऊक आहे.

पहिल्या टप्प्यात 'विट्याकडचे' म्हणजे नेमके कोणते गाव हे ठरवावे लागते, कारण परराज्यात संपूर्ण परिसराची ओळख विटा या एकाच नावाने सांगितली जाते. कुलदैवत, यात्रेचा महिना आणि आजीचे माहेर यांवरून गावांची संख्या मर्यादित होते. दुसऱ्या टप्प्यात आजोबांना प्रथम कामाला कोणी नेले याची चौकशी केली जाते. त्या नातेवाइकाचे गाव आणि आजोबांचे गाव एक किंवा सोयरिकीने जोडलेले असण्याची शक्यता मोठी असते. तिसऱ्या टप्प्यात त्या गावाच्या शाळेचे रजिस्टर, कोतवाल बुक व वारस फेरफार तपासले जातात. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात आजोबांचे नाव भावंडांसह मिळाले की परगावची शाखा मूळ खोडाला जोडली जाते. शेवटी हेळव्यांच्या किंवा तीर्थपुरोहितांच्या वहीशी पडताळणी केली जाते.

मौखिक माहितीत वर्षांची गफलत स्वाभाविक असते. 'दुष्काळाच्या साली गेले' असे सांगितले जाते, तेव्हा तो दुष्काळ कोणता हे पिढ्यांच्या अंतरावरून ठरवावे लागते. दोन पिढ्यांमध्ये साधारणपणे पंचवीस वर्षांचे अंतर धरले जाते. त्याहून फार कमी किंवा फार जास्त अंतर निघाल्यास एखादी पिढी गळाली आहे किंवा एकाच नावाच्या आजोबा-नातवाची गल्लत झाली आहे, असा संशय घेतला जातो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे ही चूक वारंवार होते.

सामाजिक व कायदेशीर महत्त्व

वंशावळ हा केवळ जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अर्जदाराला वंशावळ शपथपत्रासह सादर करावी लागते आणि रक्तनात्यातील पूर्वजांचे जुने पुरावे द्यावे लागतात. अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ ही वर्षे महाराष्ट्रातील वास्तव्याच्या पुराव्यासाठी आधारभूत मानली जातात. ज्या कुटुंबाने त्या वर्षांपूर्वीच राज्याबाहेर धंदा सुरू केला होता, त्याच्या मुलांना आपली शाखा मूळ गावाशी जोडणारा प्रत्येक दुवा कागदावर दाखवावा लागतो. एक दुवा निसटला तरी प्रवेश किंवा नोकरीची संधी हातची जाऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर मोडी कागद, कोतवाल बुक व शालेय रजिस्टर यांच्या शोधाला मोठी गती आली.

वारसाहक्क हे दुसरे क्षेत्र होय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांप्रमाणे सहदायादाचा हक्क दिला. परंतु परंपरागत वंशावळींत मुलींची नावे बहुधा गाळलेली असतात आणि सुना 'अमक्या गावची लेक' एवढ्याच ओळखीने येतात. परराज्यात असलेल्या शाखेचा व मुलींचा उल्लेख न करता वारस नोंद झाल्यास पुढे वाद उद्भवतात. परिपूर्ण वंशावळीत आता मुली, त्यांची सासरची गावे आणि त्यांची अपत्ये यांचा समावेश अपेक्षित असतो. स्थलांतराची साखळी स्त्रियांकडील नात्यांनीही जोडली गेली असल्याने इतिहासाच्या दृष्टीनेही ही भर आवश्यक आहे.

मर्यादा

परंपरागत वंशावळींचा वापर सावधपणे करावा लागतो. अनेक घराण्यांच्या कथनात उत्तरेकडील राजवंशांपासून उत्पत्ती सांगितली जाते. तिला समकालीन कागदांचा आधार मिळत नसल्यास ती परंपरा म्हणूनच नोंदवणे योग्य ठरते. दत्तकविधान, दुसरे लग्न आणि भावकीतील फूट या बाबी मौखिक कथनात झाकल्या जातात. भूमिहीन व वंचित समाजांकडे फेरफार व सनदा नसल्याने त्यांचा शोध शाळा, जन्म-मृत्यू नोंद आणि तीर्थपुरोहितांच्या वह्या यांवरच अवलंबून राहतो.

इतर व्यापारी समाजांशी तुलना

व्यापारासाठी दूर गेलेल्या अनेक समाजांनी वंशनोंदीसाठी मूळ स्थानीच व्यवस्था उभारल्या. तमिळनाडूतील नगरत्तार चेट्टियार ब्रह्मदेश व मलायापर्यंत व्यापारासाठी गेले. तरीही विवाहानंतर नवदांपत्याची नोंद त्यांच्या नऊ कुलमंदिरांपैकी आपल्या मंदिरात करण्याची पद्धत त्यांनी टिकवली. राजस्थानातील मारवाडी कुटुंबांच्या वंशावळी भाटांच्या बह्यांत लिहिल्या गेल्या. विटा परिसरातील कुटुंबांत अशी एकच मध्यवर्ती नोंदव्यवस्था नव्हती. हेळवी, पुरोहित, तलाठी आणि शाळामास्तर यांनी आपापल्या कामापुरत्या केलेल्या नोंदी एकत्र करूनच त्यांची वंशावळ उभी राहते.

सद्यस्थिती

२०१७ चा वस्तू व सेवा कर, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने झालेली हॉलमार्कची सक्ती आणि यांत्रिक शुद्धीकरण कारखान्यांची वाढ यांमुळे लहान गलाई दुकानांपुढे स्पर्धा वाढली आहे. नव्या पिढीतील अनेकांनी दागिन्यांचा व्यापार, शिक्षण व इतर व्यवसाय यांकडे मोर्चा वळवला आहे. त्याच वेळी सातबारा व जुने अभिलेख संगणकीकृत होत असल्याने परराज्यातून गावचे कागद पाहणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र दुकानातील वह्या, परगावाहून आलेली पत्रे आणि कामाला कोण कोणाबरोबर गेले याच्या आठवणी शासकीय संगणकीकरणात येत नाहीत. पहिल्या व दुसऱ्या पिढीतील वृद्धांच्या मुलाखती आणि घरगुती कागदांचे जतन हाच त्या माहितीच्या संग्रहाचा मार्ग आहे.